परदेशी पदवीसाठीं मराठीचें शिक्षण

जुन्नरच्या भोंवतालच्या डोंगरांत दीडशेंहून अधिक लेणीं आहेत. त्यांतील तीन शिलालेखांत दान देणारे गृहस्थ ‘यवन’ म्हणून नोंदलेले आहेत. इरिल नांवाच्या यवनानें पाण्याच्या दोन पोढी खोदवून दिल्या. चिट नांवाच्या यवनानें भिक्षुसंघासाठीं भोजनमंडप करविला. चंद नांवाच्या तिसऱ्यानें मानमोडीच्या डोंगरांतील एका चैत्यगृहाच्या दर्शनी भागाचें काम करून दिलें. यवन हा शब्द त्या काळीं ग्रीकांना व पश्चिमेकडून आलेल्या परकीयांना लावीत. नाणेघाटाच्या वाटेनें व्यापार करणारीं हीं माणसें असावींत, असा तर्क आहे. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, त्यांनीं आपलें दान ग्रीक भाषेंत नोंदविलें नाहीं. ज्या गांवांत दान दिलें तेथील प्राकृतांत, ब्राह्मी लिपींत नोंदविलें. अक्षरें कोरणारा कारागीर अर्थातच येथलाच असेल. आणि या यवनांना केवळ बाजारापुरतें प्राकृत येत होतें कीं त्याहून अधिक, हें दगडावरून कळत नाहीं. त्यांची परीक्षा घेणारें विद्यापीठ तेव्हां नव्हतें.

आज तें आहे. अमेरिकेंतील पुष्कळ विद्यापीठांत पदवीचा विषय रसायन असो वा अर्थशास्त्र असो, विद्यार्थ्यास इंग्रजीहून निराळी अशी एक भाषा ठराविक पायरीपर्यंत शिकावी लागते. ही पायरी बहुधा दोन ते चार सत्रांच्या अभ्यासाइतकी असते. कांहीं ठिकाणीं तिच्या जोडीला परक्या संस्कृतीचा एखादा अभ्यासक्रमही पुरा करावा लागतो. ही अट स्वतःच्या विद्यापीठांत बसून पुरी करतां येते, तशीच ती भाषा जेथें बोलली जाते त्या देशांत एक सत्र राहूनही करतां येते. या दुसऱ्या मार्गाचा आरंभ १९२३ सालीं झाला असें मानतात. त्या वर्षीं डेलावेअर विद्यापीठाचे प्राध्यापक रेमंड कर्कब्राइड आठ विद्यार्थ्यांस घेऊन फ्रान्सला गेले, आणि तेथील अभ्यास पदवीच्या हिशेबांत धरण्यांत आला. तोंवर परदेशगमन ही सधनांच्या मुलांची हौस होती. या आठ जणांनंतर ती गुणपत्रकांत मांडण्याची वस्तु झाली.

हा हिशेब कसा होतो, हें समजून घेणें अवश्य आहे. कारण ज्या घरांतील मुलेंनातवंडें परदेशीं वाढत आहेत, त्या घरांत याविषयीं पुष्कळ गैरसमज आढळतात. अभ्यास ‘श्रेयांक’ या नाण्यांत मोजतात. अमेरिकेंत आठवड्याला १ तास याप्रमाणें सुमारें १५ आठवडे वर्ग, आणि वर्गाच्या प्रत्येक तासामागें घरीं २ तासांचा अभ्यास, एवढ्यास १ श्रेयांक असें सामान्य प्रमाण आहे. युरोपांत १ श्रेयांक म्हणजे २५ ते ३० तासांचें एकूण काम, आणि पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक. भारतांतही २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानें ३० तासांस १ असें माप ठरविलें आहे. मापें निराळीं असल्यामुळें एका देशाचें नाणें दुसऱ्या देशांत आपोआप वटत नाहीं. म्हणून विद्यार्थ्यानें निघण्यापूर्वींच आपल्या विद्यापीठाकडून लेखी मान्यता घ्यावयाची असते: कोणता अभ्यासक्रम कशाच्या बदल्यांत धरला जाईल, गुणपत्रक कोणती मान्यताप्राप्त संस्था देईल, आणि परत आल्यावर भाषेंतील प्रगति कशी मोजली जाईल. पहिल्या दोन गोष्टींकडे सर्वांचें लक्ष असतें. तिसरीकडे बहुधा कोणाचेंच नसतें, आणि पुढें घोटाळा होतो तो तेथेंच.

समजा, न्यू जर्सींत वाढलेली एक मुलगी ओतूरला आजोळीं चार महिने राहिली. ती आजीशीं बोलली, आळेफाट्याच्या बाजारांत गेली, लेण्याद्रीच्या पायऱ्या चढली. परत गेल्यावर तिला किती श्रेयांक मिळतील? एकही नाहीं. राहण्याला श्रेयांक नाहींत; मोजलेल्या अभ्यासाला आहेत. तिच्या विद्यापीठानें मराठीची पातळीनिश्चिति परीक्षा घेण्याची सोय केली असेल तर मात्र तिची भाषेची अट पुरती माफही होऊं शकेल. आणि मराठीचा परीक्षकच तेथें नसेल, तर तिचें अस्खलित बोलणें कागदावर शून्य ठरेल. उलट, घरीं मराठी ऐकत वाढलेल्या मुलांची आणखी एक अडचण असते. तीं बोलतात बरें, परंतु देवनागरी वाचतांना अडखळतात. त्यांना नवशिक्यांच्या वर्गांत बसविलें तर तीं कंटाळतात, आणि वरच्या वर्गांत बसविलें तर लेखनांत मागें पडतात. अशा वारसाभाषकांची वाट निराळी आखावी लागते, हें विद्यापीठांना उशिरां कां होईना, उमगूं लागलें आहे.

इकडे मराठी शिकविण्याची सोय नवी नाहीं. विल्यम कॅरीनें मराठीचें व्याकरण १८०५ मध्यें व कोश १८१० मध्यें प्रसिद्ध केला, तो बंगालमध्यें बसून, वैजनाथ पंडितांच्या साहाय्यानें. फोर्ट विल्यम कॉलेजांतील तरुण अधिकाऱ्यांना ही भाषा मराठी मुलखापासून शेंकडों कोस दूर शिकविली जाई. मोल्सवर्थचा १८३१ चा कोश मात्र मराठी मुलखांत, येथील पंडितांच्या संगतींत तयार झाला, आणि आजही शब्द अडला तर जाणकार तोच उघडतात. विसाव्या शतकांत हा व्यवहार विद्यापीठांकडे आला. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था १९६१ सालीं निघाली. आरंभीं तिचें ठाणें पुण्यांत डेक्कन कॉलेजच्या आश्रयानें होतें, आणि पुढें मराठीचे वर्गही तिनें पुण्यांतच चालविले. मध्यपश्चिम अमेरिकेंतील कॉलेजांच्या संघानें १९६९ पासून कित्येक वर्षें पुण्याला विद्यार्थी पाठविले. ते मराठी शिकत, पुणेकर कुटुंबांत राहत, आणि सत्राच्या शेवटीं स्वतः निवडलेल्या विषयावर प्रबंध लिहीत. कार्लटन कॉलेजच्या एलिनॉर झेलियट यांनीं या उपक्रमाचें नेतृत्व केलें होतें. महाराष्ट्रांतील दलित चळवळीच्या इतिहासाचें त्यांचें काम सर्वश्रुत आहे. मॅक्सीन बर्नसन यांनीं फलटणच्या बोलीवर प्रबंध लिहिला, जाई निंबकर यांच्यासह परकीयांसाठीं मराठीचीं पाठ्यपुस्तकें केलीं, आणि पुढें त्या फलटणलाच राहिल्या. त्यांचा प्रबंध कोशावर उभा नव्हता. एका तालुक्याच्या गांवांत माणसें प्रत्यक्ष कशीं बोलतात, यावर उभा होता.

पुणें हें मराठी शिकण्याचें उत्तम ठिकाण खरेंच. पण त्यांत एक मोठा अडथळा आहे, आणि तो म्हणजे पुणेकराचें सौजन्य. परदेशी पाहुणा ‘मला पाणी पाहिजे’ एवढें वाक्य जुळवीत असतो, तोंच यजमान त्यास इंग्रजींत विचारतात कीं पाणी गार हवें कीं साधें. रिक्षावाला हिंदींत बोलतो, दुकानदार हिंदींत बोलतो, घरांतील कॉलेजकुमार आपलें इंग्रजी सुधारण्याची संधि साधतो. पाहुण्याची सोय होते आणि अभ्यास बुडतो. अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षणसंस्थेनें हिंदीसारखी भाषा कामापुरती येण्यास सुमारें ४४ आठवडे, म्हणजे ११०० तासांचे वर्ग लागतात असा अंदाज बांधला आहे. मराठी त्याहून सोपी असण्याचें कारण नाहीं. हिंदीस दोन लिंगें, मराठीस तीन. आतां एका सत्रांत आठवड्याला ८ तास धरले तरी १५ आठवड्यांत वर्ग होतात १२० तासांचे. परंतु त्याच १५ आठवड्यांत विद्यार्थी दिवसाचे १६ तास जागा असतो, ते होतात १६८० तास. हे १६८० तास कोणत्या भाषेंत जातात, यावर सारा प्रश्न अवलंबून आहे. ते इंग्रजींत जाणार असतील, तर विमानाचें भाडें खर्चण्यापेक्षां स्वतःच्या विद्यापीठांत पुस्तक उघडून बसणें स्वस्त पडेल.

म्हणून पुण्याच्या वर्गास पुण्याबाहेरच्या मुक्कामाची जोड हवी, आणि त्यासाठीं जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांसारखी जागा शोधून सांपडणार नाहीं. पुणें-नाशिक रस्त्यानें मंचर व नारायणगांव गांठलें कीं पूर्वेस बागाईत मुलूख, पश्चिमेस सह्याद्रीचा कणा, आणि सुमारें दोन तासांच्या अंतरावर दोन तऱ्हांचें मराठी. येथें इंग्रजी मुळींच नाहीं असें मात्र समजूं नये. गांवोगांवीं इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघाल्या आहेत, आणि खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जी प्रचंड दुर्बीण आहे तिच्यासाठीं जगभरचे ज्योतिषी येतात. त्यांचें सर्व काम इंग्रजींत भागतें. पण मोंढ्यांतील हमालाशीं, शेतावरील बाईशीं किंवा ओसरीवर बसलेल्या आजोबांशीं इंग्रजींत भागत नाहीं, आणि विद्यार्थ्यास हवा असतो तो नेमका हा नाइलाज.

नारायणगांवच्या टोमॅटोच्या बाजाराचेंच उदाहरण घ्या. माल २० किलोच्या क्रेटांनीं विकतात. शेतकरी त्यास ‘कॅरेट’ म्हणतात, आणि सोन्याच्या कॅरेटाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं हें विद्यार्थ्यास पहिल्या दिवशीं सांगावें लागतें. त्यानें वर्गांत एक ते शंभर अंक पाठ केलेले असतात. येथें त्याच्या कानांवर पडतें सव्वाशें, दीडशें, अडीचशें, पावणेदोनशें, साडेतीनशें. दीडमधील एक आणि अडीचमधील दोन त्याला कोठें दिसत नाहींत. ‘पावणे’ म्हणजे पुढच्या आंकड्यांतून पाव वजा, हें तो मनाशीं जुळवीपर्यंत सौदा तुटलेला असतो. त्यांत एकोणपन्नासाचा उच्चार चाळिसाच्या घरांत न सुरू होतां पन्नासापासून उलटा मोजीत येतो. पाठ्यपुस्तकांत या सर्वांस अर्धें पान दिलेलें असतें. बाजारांत आठ दिवस उभा राहिलेला विद्यार्थी तें अर्धें पान जन्मभर विसरत नाहीं.

संबोधनांचें प्रकरण याहून नाजूक. वडीलधाऱ्यांस ‘तुम्ही’ म्हणावें, असा नियम त्यानें शिकलेला असतो. तो ज्या घरीं उतरतो तेथें चाळिशींतला मुलगा आपल्या आईस ‘तूं’ म्हणतो, बापास ‘तुम्ही’ म्हणतो, आणि देव्हाऱ्यापुढें उभा राहून खुद्द देवास ‘तूं’ म्हणतो. मग नियम काय राहिला? नियम असा कीं, अंतर जसें मानानें वाढतें तसें मायेनें तुटतें. पण हें व्याकरणांत बसत नाहीं, घरांत बसून कळतें. तसेंच ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचें. इंग्रजींत दोहोंसाठीं शब्द एकच. ‘आम्ही जत्रेला जाणार’ असें म्हटलें तर पाहुणा घरीं राहणार. ‘आपण जत्रेला जाऊं’ म्हटलें तर त्याचीही बैलगाडींत किंवा आजकाल जीपमध्यें जागा धरलेली आहे. निरोप घेतांना ‘जातो’ म्हणूं नये, ‘येतो’ म्हणावें. आणि रस्त्यांत कोणी ‘कुठं निघालात?’ असें विचारलें तर तो तपास नसून नमस्कार आहे, ‘इथंच जरा’ एवढें उत्तर पुरतें. विद्यापीठें ज्यास संस्कृतीचा अभ्यासक्रम म्हणतात, त्याचा मोठा भाग अशा चारदोन शब्दांत आटोपतो. त्यावर व्याख्यानें देणें मात्र अवघड आहे.

शब्दांची गंमत पश्चिमेकडे सरकावें तशी वाढत जाते. नारायणगांव हें तमाशाचें माहेर. विठाबाई नारायणगांवकरांचें हें गांव. गुढीपाडव्याच्या सुमारास येथें फडांच्या राहुट्या पडतात, आणि गांवोगांवचे पुढारी यात्रेसाठीं सुपारी देण्यास येतात. तेथें विद्यार्थी ‘लावणी’ हा शब्द शिकतो. मग तो पावसाळ्यांत आंबेगांवच्या पश्चिम पट्ट्यांत गेला आणि कोणी त्यास भाताच्या लावणीविषयीं सांगूं लागलें, तर खाचरांत नाचगाणें कसलें, असा प्रश्न त्यास पडल्यास नवल नाहीं. डोंगरांतील महादेव कोळी व ठाकर कुटुंबें या कामास ‘आवणी’ म्हणतात, तेव्हां तर त्याचा कोश मिटतोच. हिरडा आणि बाळहिरडा यांत दराचा केवढा फरक पडतो, हें त्यास भीमाशंकराच्या वाटेवरच्या वाडींत कळतें. आणि ‘पडकई’ हा शब्द तर ऐकल्यावांचून कळणारच नाहीं. उतारावरची जमीन फोडून, ताली घालून, भाताचीं खाचरें तयार करण्यासाठीं अनेक घरांनीं एकमेकांच्या शेतावर आळीपाळीनें राबावयाचें, ती पडकई. मजुरी नाहीं, आज याच्या शेतावर, उद्यां त्याच्या. एका शब्दांत शेती, कर्ज, नातें आणि कायदा असें सर्व भरलेलें आहे. अर्थशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्यानें या एका शब्दावर सत्राचा प्रबंध लिहिला, तर त्याचे गुण देण्यास परीक्षकानें कुरकुर करूं नये.

दुसरा असाच विषय पाण्याखालीं आहे. घोड नदीवर डिंभ्यास धरण झालें, त्यांत मूळ आंबेगांव बुडालें. तालुक्यास नांव राहिलें, गांव राहिलें नाहीं, आणि कचेरी घोडेगांवास आहे. जलाशयास हुतात्मा बाबू गेनूचें नांव दिलें आहे. बाबू गेनू याच तालुक्यांतील महाळुंगें पडवळचा. परदेशी कापडाची मालमोटार अडवितांना १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईंत तिच्याखालीं चिरडून तो मेला. परदेशांतून आलेल्या विद्यार्थ्यास ही कथा मराठींत ऐकावी लागावी, यांत एक प्रकारचें औचित्य आहे. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांनीं काठच्या उघड्या पडणाऱ्या जमिनींत भात पिकविणें, जलाशयांत मासेमारी करणें असे मार्ग काढले; त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या ‘शाश्वत’ या संस्थेस २०१२ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. या विषयावरचे इंग्रजी अहवाल वाचून कोणासही निबंध लिहितां येईल. पण ‘आमचं गांव बुडालं’ असें म्हणणारी म्हातारी गांवाचें नांव उच्चारतांना वर्तमानकाळ वापरते कीं भूतकाळ, हें अहवालांत नसतें.

एवढें सर्व शिकून तें कागदावर कसें उतरवावें, हा प्रश्न उरतो. गांवच्या मुक्कामाचे श्रेयांक सुटे मागितले तर विद्यापीठ ते देणार नाहीं. पुण्याच्या वर्गाचा भाग म्हणून मागितले तर देण्याचा संभव अधिक. त्यासाठीं विद्यार्थ्यानें रोज मराठींत, देवनागरींत दैनंदिनी लिहावी, शिक्षकानें ती आठवड्याला तपासावी, आणि मुक्कामाच्या आधीं एकदां व नंतर एकदां त्याची तोंडी परीक्षा घेऊन दोन्हींची नोंद ठेवावी. प्रबंधाची चर्चा मराठींत व्हावी. मग त्याचा अंतिम मजकूर इंग्रजींत असला तरी बिघडत नाहीं. यजमानकुटुंबास योग्य मोबदला ठरवून द्यावा. भिडेपोटीं फुकट पाहुणचार करवून घेणें आणि वर त्यांच्या चुलीचीं छायाचित्रें प्रबंधास जोडणें, ही रीत चांगली नव्हे. गांवकरी हे शिक्षक आहेत, नमुने नव्हेत. आणि पुण्यांतील यजमानांस एकच विनंति कीं, पाहुणा चुकत असला तरी त्यास चुकूं द्यावें. वाक्य पुरें होईपर्यंत वाट पाहणें हें चहा देण्यापेक्षां मोठें आदरातिथ्य आहे.

परीक्षेचें भय फारच वाटूं लागलें, तर जुन्नर तालुक्यांतच आळें येथें एक समाधि आहे, ती अवश्य पाहावी. ज्ञानदेवांनीं पैठणच्या सभेंत ज्या रेड्याच्या मुखीं वेद वदविले, त्याची ही समाधि असें परंपरा सांगते. तोंडी परीक्षेंत इतक्या प्रतिकूल परिस्थितींत उत्तीर्ण झालेला दुसरा उमेदवार सांपडणें कठीण.

कोणत्या सत्रांत यावें, हेंही आधीं ठरविलेलें बरें. अमेरिकेंतील शरद सत्र ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतें. तोंवर आवणी संपलेली असते, पण गणपति, नवरात्र आणि भाताची कापणी पाहावयास मिळते. जानेवारींत येणाऱ्यास भीमाशंकरची महाशिवरात्र, चैत्रांतल्या यात्रा, नारायणगांवच्या राहुट्या आणि झाडावरून उतरणारा बाळहिरडा, हें सर्व सांपडतें. मात्र मेच्या आरंभीं त्याची परीक्षा असते आणि जूनमध्यें पाऊस असतो. आवणी पाहावयाची असेल त्यानें परतीचें तिकीट जुलै अखेरचें काढावें, आणि त्या जादा दिवसांचे श्रेयांक मिळणार नाहींत, हें घरीं आधींच सांगून ठेवावें.